पाणीवाले नाना

प्रत्येक हौशी नाट्यमंडळात एक नाना असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे बापू, वाण एकच. पात्रनिवड त्यांच्या हाती. नव्या पोराला ते संवाद वाचायला देतच नाहीत. "पाणी म्हण," एवढंच. 'पाणी' आलं की पोरगा वकील. 'पानी' आलं की पडद्याच्या दोरीवर.

तुम्हाला वाटेल, 'पानी'वाल्याला निदान गड्याचं काम मिळत असेल. छे! त्यासाठी स्वच्छ 'ण'चाच तरुण लागतो. त्याच्या तोंडाला काळपट रंग फासायचा, खांद्यावर पंचा टाकायचा आणि महिनाभर 'पानी' घोटून घ्यायचं. या गड्याची बोली अर्धी साताऱ्याची, अर्धी नागपूरची आणि उरलेली नानांची. खरा सातारकर विंगेत दोरी धरून गंमत बघतो.

वेषाचंही गणित पक्कं. रेशमी झगा आणि तोंडात पाइप म्हणजे श्रीमंत बाप. कोपराला ठिगळ म्हणजे प्रामाणिक कारकून. झगेवाला प्रत्यक्षात पोस्टात कारकून असतो आणि ठिगळवाल्याचे दोन फ्लॅट असतात, पण तिसऱ्या घंटेनंतर सातबारा नानांचा चालतो.

आधार विचारलात तर नाना थेट संस्कृत नाटकांवर जातात. राजा संस्कृत बोलतो, दासी प्राकृत. खरं आहे. पण राणीही प्राकृतच बोलते आणि ब्राह्मण विदूषकही, हे मात्र ते गाळतात. लाडकं नाटक 'ती फुलराणी'. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी १९७५ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकात नानांना दिसतो तो फुलवालीची जीभ वळवणारा प्राध्यापक. "गुरू असावा तर असा!" शॉने टोपी उडवली ती त्या गुरूचीच, हे नानांना सांगणार कोण?

१९८० साली 'वस्त्रहरण' आलं. मालवणीत भांडणाऱ्या पांडवांनी नाट्यगृहं भरली, प्रयोग हजारांवर गेले. नानाही पोट धरधरून हसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "विनोदी आहे म्हणून खपतं हो!" बोलीला हसू मिळेल, खुर्ची नाही, हा त्यांचा कायदा.

मंडळांनो, पुढच्या राज्य नाट्य स्पर्धेत एकदा वकिलाचा काळा कोट त्या दोरीवाल्याला द्या. 'पानी' म्हणणारे वकील जिल्हा न्यायालयांत रोज खटले जिंकतात.