तेलाची विचारपूस

सातारकराला घाटाचा अभिमान असतो, सांगलीकराला उन्हाचा. माझी सासुरवाडी साताऱ्यात आणि घर सांगलीत, त्यामुळे माझ्या जुन्या डिझेल गाडीला दोन्ही सोसावे लागतात. तिला ऑइल कूलर बसवावा, यावर मात्र दोन्ही गावांचं एकमत आहे. एरवी कृष्णेच्या पाण्याखेरीज त्यांच्यात फारसं काही सामायिक नाही.

"दाजी, यवतेश्वर चढताना तेलाची पार कढी होत असंल," मेहुणा म्हणतो. सांगलीतले मिस्त्री घाटाला मोजतच नाहीत. "घाटात सावली तरी असती, साहेब. हितं एप्रिलात बॉनेटवर पापड वाळत्यात."

त्यांनाही काय बोलणार! इकडच्या माणसाला इंजिनाबद्दल मत नसेल, तर तो बाहेरगावचा समजावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. साताऱ्यात धनजीशा कूपरांच्या कारखान्यातून डिझेल इंजिनं निघाली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. विहिरीवरच्या जुन्या इंजिनाला गार ठेवायला विहिरीचंच पाणी फिरवायचे. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला की इंजिनाची तब्येत कळायची.

मोटारीच्या तेलात हात घालता येत नाही, म्हणून मतं घालावी लागतात.

तेलाला स्वतःला विचारलं, तर ते ९० ते ११० अंशांत सुखी असतं. बराच वेळ १३० च्या पुढे राहिलं की लवकर नासतं. पण फार गार ठेवलं तरी बिघडतं : इंजिनात साचलेली ओल उडून जात नाही आणि झाकणाखाली पिवळट साय धरते. डिसेंबरात साताऱ्याच्या थंडीत, थर्मोस्टॅट नसलेला कूलर लावून चार पावलांवर पेढे आणायला गाडी काढणाऱ्यांनी ही साय जरूर पाहावी. जुन्या हिमालयनसारख्या हवेवर गार होणाऱ्या मोटरसायकलला कूलर शोभतो, कारण तिच्याकडे पाण्याचा रेडिएटर नाही. शर्यतीत पळवायची किंवा जड ट्रेलर ओढायची गाडी असेल, तरी समजू शकतो. पण आष्ट्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरात रांगताना तेल तापायला इंजिनावर जोर कुठला? आणि तिथे बंपरमागे टांगलेल्या कूलरला वारा तरी कोण घालणार? उसाची पाचट तेवढी अडकेल.

त्यातून माझ्या इंजिनाला फिल्टरच्या बुडाशी कंपनीचाच कूलर आहे. रेडिएटरचं पाणी त्यातून फिरतं आणि तेलाला सांभाळून घेतं. गाडीसोबतच्या पुस्तिकेत तसं छापलंय. हे मी दोन्हीकडे बोललो नाही. साताऱ्यात या विषयावर चहा मिळतो, सांगलीत चहा आणि भडंग.

शेवटी तेलाच्या तापमानाचा काटा तेवढा बसवून घेतला. चौघांना बसवून, एसी लावून यवतेश्वर चढलो. काटा १०४ वर जाऊन थांबला. मेहुण्याने काचेवर टिचकी मारून पाहिली आणि काटा अडकलाय असा निर्णय दिला.

सांगलीत मिस्त्रींना आकडा सांगितला. त्यांनी हात पुसले, पान थुंकलं.

"सातारचा आकडा हितं चालत नाय, साहेब. मे महिन्यात या."