झेडवर फुली आली असता करावयाचे उपचार

बासरला सरस्वतीपुढे लेकराचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला नांदेड-परभणीकडून मंडळी येतात. त्यांच्या खोल्या, पावत्या, गाड्यांचा हिशेब हे सारं ज्या ऑफिसांत संगणकावर चालतं, तिथे ‘झेड’ नावाचा एक ड्राइव्ह असतो. तो नक्की कुठे असतो हे कुणी विचारत नाही. तो असतो, आणि मग एकाएकी नसतो. नसतो तेव्हा त्याच्या चित्रावर लाल फुली दिसते आणि कोपऱ्यातून आरोळी येते, “सार, झेड पोयिंदी!” शेजारच्या टेबलावरचे धर्माबादचे काका तेच मराठीत सांगतात, म्हणजे बातमीची दोन्ही भाषांत नोंद होते. प्रस्तुत मार्गदर्शन या आरोळीपासून लागू समजावे.

सर्वप्रथम दोषी निश्चित करावा. दुरुस्ती दोषाच्या मागोमाग येते, पुढे कधीच नाही. प्रथेप्रमाणे पहिला मान इंटरनेटचा. त्या कंपनीला फोन लावून “आमचा झेड गेला” असं सांगितल्यास पलीकडचा माणूस राउटर बंद करून चालू करायला लावतो, आणि आपण तो करतो. वास्तविक झेड हा आपल्याच ऑफिसातल्या दुसऱ्या एका संगणकावरचा सामायिक फोल्डर आहे. त्याला बाहेरच्या इंटरनेटचं काहीही लागत नाही. गावातली सगळी केबल तुटली तरी तो चालायला हवा. पण हे बोलून दाखवू नये; दोष द्यायला दुसरं कुणी सापडेपर्यंत इंटरनेट उपयोगाचं आहे.

दुसरा मान नवीन लागलेल्या मुलाचा. “तू कशाला हात लावलास?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि उत्तर नसणं हाच पुरावा धरतात. तिसरा मान विजेचा. इथे मात्र थोडं थांबावं लागेल, कारण वीज खरोखर दोषी असू शकते. कशी ते खाली येईलच.

आता उपचार. खुर्चीत सरळ बसावे, फुली आलेल्या झेडवर माउस न्यावा आणि दोनदा क्लिक करावे. झेड उघडला? मग काही बिघडलं नव्हतं. हा उपचार इतका साधा आहे की ऑफिसात त्याला कुणी किंमत देत नाही. नेटवर्कवाला पोरगा निजामाबादहून येऊन हेच करतो, तेव्हा मात्र त्याला चहा मिळतो.

फुली का येते, हे बासरच्या माणसाला तरी समजावून सांगायची गरज पडू नये. वरच्या अंगाला, महाराष्ट्रातल्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलैला उघडतात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे राहतात. दरवाजे उचलायला महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचे अधिकारी हजर असतात. मार्चच्या १ तारखेला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं, तेही ठरलेलं. २९ ऑक्टोबरला दरवाजा पडला म्हणून गोदावरी बिघडली असं म्हणत कुणी मेकॅनिक बोलावत नाही. सगळ्यांना तारीख पाठ आहे. फाइलींच्या सर्व्हरचंही तसंच. विंडोज जन्मतःच एक नियम घेऊन येतं: एखादा संगणक १५ मिनिटं काही मागत नसेल, तर त्याच्याशी असलेलं कनेक्शन सोडून द्यायचं. तुम्ही जेवायला गेलात, सर्व्हरने दरवाजा टाकला, झेडवर फुली आली. परत येऊन क्लिक केलंत, दरवाजा उचलला गेला. फरक इतकाच की बाभळीची तारीख तेलंगणाच्या शेतकऱ्याला ठाऊक असते आणि सर्व्हरची १५ मिनिटं ऑफिसच्या हेडक्लार्कला नसतात.

ज्या ऑफिसात जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, तिथे मात्र हा नियम खरोखर त्रास देतो. ते सॉफ्टवेअर स्वाभिमानी असतं. एकदा दार लागलं की दुसऱ्यांदा ठोठावत नाही, सरळ चूक दाखवून कोसळतं. त्यासाठी सर्व्हरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘कमांड प्रॉम्प्ट’ची काळी खिडकी उघडावी आणि ‘नेट कॉन्फिग सर्व्हर’ या आज्ञेत ‘ऑटोडिस्कनेक्ट’ची किंमत उणे एक करावी. शून्य नव्हे. शून्य म्हणजे ‘बंद’ अशा समजुतीने ज्यांनी शून्य टाकलं, त्यांचा झेड क्षणभर रिकामा बसला तरी जाऊ लागतो, कारण शून्य म्हणजे शून्य मिनिटं. हा खुलासा जिथे आज्ञा लिहिलेली असते तिथे सहसा नसतो.

‘सर्व्हर’ हा शब्द वर आदराने वापरला. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो कॅशियरचा संगणक असतो. त्यामुळे त्याची दिनचर्या कॅशियरची असते. कॅशियर जेवायला गेले की संगणक अर्ध्या तासाने झोपतो आणि त्याच्याबरोबर सगळ्या ऑफिसचा झेड झोपतो. इथे कितीही क्लिक केलं तरी उपयोग नाही. कॅशियर परत यावे लागतात. त्यावर इलाज म्हणजे पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘झोप: कधीही नाही’ असं निवडणे. कॅशियरना हे स्वतःबद्दल आहे असं वाटू नये म्हणून आधी कल्पना द्यावी. त्याच वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाचं पान उघडून ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ या चौकटीतली खूण काढावी. ही काटकसर विंडोज न विचारता करतं.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. साधं विंडोज, म्हणजे सर्व्हरचं नव्हे ते, एका वेळी २० जणांनाच आत घेतं. एक्सपी असताना प्रोफेशनलमध्येही ही मर्यादा १० होती. एरवी पुरतं. पण वसंतपंचमीला गर्दी उसळते, तात्पुरते लॅपटॉप मांडले जातात, मालकांच्या पुतण्याचा फोनही नेटवर्कमध्ये येतो, आणि एकविसाव्याला ‘आता आणखी कनेक्शन घेता येत नाही’ असा निरोप मिळतो. त्याच वेळी ज्याच्या झेडवर फुली आहे तो बाकीच्या सगळ्यांचा हेवा करतो. खरे दोषी दोन लॅपटॉप दुपारपासून उघडे पडलेले असतात.

सकाळी आल्या आल्या ‘सर्व नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत’ असा निरोप दिसला तर तो मनावर घेऊ नये. संगणक नेटवर्कच्या आधी ऑफिसला पोचला एवढाच त्याचा अर्थ. वायफायवर तर हे रोज घडतं. ग्रुप पॉलिसीत ‘लॉगऑनआधी नेटवर्कची वाट पाहावी’ अशी सोय आहे. ती लावल्यास संगणक उशिरा सुरू होतो, म्हणजे ऑफिसच्या संस्कृतीशी जुळतो.

आणि वीज. संगणकाला यूपीएस आहे, सर्व्हरला यूपीएस आहे, पण तारा जिथे एकत्र येतात तो छोटा स्विच टेबलाखाली भिंतीतल्या साध्या प्लगवर असतो. लाइट एक क्षण जाऊन आली की सगळे संगणक चालू, आणि सगळ्यांचा झेड एकाच वेळी गेलेला. असं एकाच वेळी सगळ्यांचं झालं, तर विंडोजला सोडा आणि टेबलाखाली वाका. दिवे लागले नसतील तर कारण मिळालं. दिवे लागले असूनही झेड येत नसेल, तर राउटरने पत्ते नव्याने वाटले असतील. झेड जोडताना कुणीतरी सर्व्हरचा आकड्यांचा पत्ता, समजा १९२.१६८.१.५, टाकून ठेवला होता. लाइट आल्यावर राउटरने तो पत्ता प्रिंटरला दिला. सगळं ऑफिस प्रिंटरकडे हिशेबाच्या फाइली मागतं आणि प्रिंटर गप्प राहतो. सर्व्हरसाठी राउटरमध्ये पत्ता राखून ठेवावा, किंवा आकड्यांऐवजी नावाने जोडावं.

नावाने जोडलं तर नाव बदलू नये, हे ओघाने आलं. बासर २०१४ च्या २ जूनला आंध्रातून तेलंगणात गेलं, २०१६ च्या ११ ऑक्टोबरला आदिलाबाद जिल्ह्यातून निर्मल जिल्ह्यात गेलं. पण ज्या सामायिक फोल्डरचं नाव ‘आदिलाबाद’ आहे ते आजही ‘आदिलाबाद’च ठेवावे. दोन सरकारांनी आणि एका अधिसूचनेने जे बदलताना विचार केला नाही, ते आपण बदललं तर एकाही टेबलावर झेड उरणार नाही.

अपडेटनंतर झेड कायमचा गेला असेल आणि फाइली एखाद्या जुन्या स्टोरेजच्या डब्यात असतील, तर तो डबा बहुधा ‘एसएमबी वन’ ही जुनी भाषा बोलतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने त्याच भाषेतल्या एका भोकातून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या शरदातल्या विंडोज १० पासून ती नव्याने बसवताना आपोआप येत नाही. नेटवर्कवाला पोरगा ती परत चालू करून देईल, “जमलं, सार” म्हणेल आणि पैसे घेईल. त्याला पैसे द्यावेत, पण ती चालू करू देऊ नये. डबा बदलावा किंवा त्याचं फर्मवेअर अद्ययावत करावं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने तर पासवर्डविना पाहुणे म्हणून शिरणाऱ्या जोडण्यांवर आणखी बंधनं आणली आहेत. ‘आमच्याकडे पासवर्ड नाही, सगळे घरचेच’ ही सबब तिच्यापुढे चालत नाही.

राहता राहिला प्लग. टेबलाखालच्या स्विचचा प्लग मोबाइल चार्ज करायला काढला जातो. त्यावर ‘काढू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी, तेलुगूत आणि मराठीत दोन्ही. ती हाताने लिहावी. टाइप करायला बसलात तर ज्या फाइलीत साचा आहे ती झेडमध्ये असते.