नमुना

प्रवासाला निघताना माझ्या पिशवीत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त, आणि त्यातलं एकही वाचून होत नाही, हे आमच्या हिला 30 वर्षं खटकत होतं. म्हणून लेकीने पुण्याहून ई-रीडर धाडला. "बाबा, दुकान नको, कुरिअर नको. दाबलं की पुस्तक आलं." किंडलवर 2016च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकंही मिळतात, ही ताजी बातमी मला तेव्हा कळली.

इंदापूरला ताईकडे जायचं होतं. आदल्या रात्री मी दोन मिनिटांत सहा रहस्यकथा उतरवून घेतल्या, एक पैसाही न लागता. बटणावर 'सँपल' लिहिलेलं होतं. मी मनात त्याचं 'नमुना' केलं. सातबाराही गाव नमुनाच असतो, तो काय कुणी अर्धा देतं?

बारामतीला एसटीत खिडकी मिळाली. काटेवाडी गेली तोवर पहिला खून झाला. भवानीनगरला उसाच्या ट्रॉलीमागे गाडी रखडलेली, इन्स्पेक्टरने कपाटाच्या दाराला हात घातला, आणि पुस्तक संपलं. पुढचं हवं तर विकत घ्या. दुसरं उघडलं, ते सणसरला संपलं, तिसरं बेलवाडीला, निमगाव केतकी येईस्तोवर सहा मुडदे पडले आणि खुनी एकही सापडला नाही. आमच्या बारामतीत बसून मोरोपंतांनी 108 रामायणं लिहिली. माझ्या सहांपैकी एकातही रावण मेला नाही.

ताईकडे वायफाय होतं. 'विकत घ्या' दाबलं. काही हललं नाही. या पडद्यात शाईचे बारीक काळे-पांढरे कण असतात, ते हलवायलाच काय ती वीज लागते, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते आणि पान मात्र सावकाश उमटतं, हे लेकीने बजावलं होतं. पण दार उघडलं नाही की बेल पुन्हा दाबायची, ही माझी जुनी खोड. दुसऱ्यांदा दाबलं तोवर खालचं पान बदललेलं. पाच मिनिटांत लेकीचा फोन, कारण कार्ड तिचं.

"बाबा, तुम्ही शेळ्या पाळताय?"

फोन स्पीकरवर होता. दाजींनी बशी खाली ठेवली. त्यांच्या दारात दोन उस्मानाबादी बांधलेल्या. मला शेळीचं तोंड कुठल्या बाजूला एवढंच ठाऊक.

"दाजी, ते चुकून..."

"चुकून कसलं? चांगला धंदा आहे." असं म्हणून त्यांनी यंत्र घेतलं, अक्षरं मोठी केली (हे मला अजून जमलेलं नाही), आणि रात्री एक वाजेपर्यंत गोचिडांचं प्रकरण मोठ्याने वाचत बसले. पुस्तक परत करता येतं म्हणे. पण दाजींच्या हातातून काढणार कोण?

अंथरूण घालताना ताईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. "नमुना आहेस."

पिशवीत या खेपेला फक्त कपडे. शेवटी कोनाड्यातली आवळ्याच्या तेलाची बाटली घेतली आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचत पडलो. ती मात्र पूर्ण होती.