नरडाण्यात लोटगाडी लावण्याचे सोपे धडे

उत्तर प्रदेश, बिहार नाहीतर राजस्थान सोडून धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याला पाणीपुरीची लोटगाडी लावायची म्हणता? अभिनंदन! अमेरिकेला जाणाऱ्याला व्हिसा लागतो, कामाचा परवाना लागतो. तुम्हाला त्यातलं काहीच लागत नाही. देशात कुठेही राहावं आणि कुठलाही रीतसर धंदा करावा, ही मुभा राज्यघटनेच्या कलम १९ नेच दिली आहे. फक्त तिचा कागद कुठल्या खिडकीवर मिळत नाही, आणि गाडीपाशी येणारा प्रत्येक जण आधी कागदच मागतो. म्हणून हे धडे.

१. जागा हेरा. सुरत–भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनात उतरलात की फलाटावरच टोपली उघडू नका. परवान्याशिवाय विकणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली गुन्हा आहे. महामार्गावर ट्रकवाले थांबतात, गिऱ्हाईक झकास, पण रस्त्याची कड महामार्गवाल्यांची. एमआयडीसीत पाळी सुटली की भुकेली माणसं बाहेर पडतात, पण तिथला रस्ता एमआयडीसीचा. गावात शिरलात तर जागा ग्रामपंचायतीची. लोटगाडीला चाकं का असतात, हे एव्हाना कळलं असेल.

२. इथली बोली, अहिराणी, शिका. ‘आहे’ला ‘शे’ म्हणा, ‘इथे’ला ‘आठे’, ‘तिथे’ला ‘तठे’. पहिल्या महिन्यात ‘आठे नको, तठे लाव’ एवढंच कानी पडणार आहे. तठे गेलात की तिथला माणूसही हेच सांगेल. त्याचं ‘तठे’ म्हणजे तुम्ही आत्ता सोडून आलात ती जागा.

३. कायद्याचा आधार घ्या. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात विक्रेत्यांचं सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, समितीसुद्धा आहे. पण तो शहरी पथविक्रेत्यांचा, आणि नरडाणा पडलं गाव. बरं, परराज्यातून आलेल्यांसाठी १९७९ चा कायदा होता की! होता, पण कंत्राटदाराने आणलेल्या मजुरांसाठी. तुम्ही स्वतःच्या पैशाने तिकीट काढलंत, तिथेच चुकलात. वाईट वाटतं, पण निष्काळजीपणाला इलाज नाही.

४. कर भरा. इथे मात्र तुम्हाला कोणी परकं मानणार नाही. अनेक गावांत बाजार फीचा ठेका लिलावाने जातो. ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन येतो, तेव्हा पहिल्या पुरीत पाणीही पडलेलं नसतं. तो तुमचं राज्य विचारत नाही, सुटे विचारतो.

व्यवसाय कराचीही ओळख असू द्या. महाराष्ट्राने तो १९७५ साली बसवला, तो रोजगार हमीला पैसा हवा म्हणून. गावच्या माणसाला गावाजवळच काम मिळावं, पोटासाठी परमुलूख गाठावा लागू नये, हा त्यामागचा विचार. तो तुम्हाला ऐकवला तर हसू नका, समोरच्याला वाईट वाटतं.

प्राप्तिकराची धास्ती नको. छोट्या व्यापाऱ्याच्या नफ्याचा सरकार अंदाज बांधू शकतं: रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, फोनवरून आलेल्या पैशावर ६. म्हणजे रोखीत जरा जास्तच कमावता, असं त्यांनी धरलंय. खुशाल क्यूआर कोड चिकटवा. मात्र जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना याच यूपीआयच्या नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि गाड्यांवर ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. पाटी करूनच ठेवा, दोन्ही बाजूंनी रंगवलेली.

५. नोंदणी करा. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, फोनवरही होते. खाद्यपदार्थांची नोंदणी वेगळी. दोन्ही कागद प्लास्टिकमध्ये घालून गाडीला टांगा. गाडी हलवायला सांगणारा ते कौतुकाने वाचेल आणि मग गाडी हलवायला सांगेल.

६. शेवटचं आणि महत्त्वाचं: पावत्या जपा. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला हवा तर साधारण १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पंधरा वर्षांच्या पावत्यांनी पत्र्याची पेटी सहज भरेल. बाजार फीच्या पावतीवर रक्कम असते, तारीख असते, शिक्काही असतो. नाव तेवढं नसतं.