ए ग्रेडची साथ

काय चाललंय काय आपल्या जिल्ह्यात? ज्या घरात पोरगं चित्र काढताना दिसलं की ‘अभ्यास कर मेल्या!’ म्हणून ब्रश हिसकावून घेत, त्याच घरात आता बाप स्वतः पोस्टर कलरच्या बाटल्या घेऊन येतो. आई टेबलावर पितळी तांब्या आणि दोन वांगी मांडते, मागे सुरकुत्या पाडून टॉवेल सोडते. आजीला सक्त ताकीद : ग्रेड परीक्षा होईपर्यंत त्या वांग्यांना हात लावायचा नाही! कलेवर एवढं प्रेम? आपल्याकडे? छे हो. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण जादा. बी असेल तर ५, सी असेल तर ३. आता कळलं वांग्यांचं महत्त्व?

आणि हे ७ गुण म्हणजे काय चेष्टा वाटली? ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे सहा विषयांतला सगळ्यात पडेल विषय आधीच बाहेर. उरले ५००. त्यात सात म्हणजे १.४ टक्के! ९२.६० वाला पोरगा एका तांब्याच्या जोरावर ९४ वर. निकाल दुपारी एकला लागतो, आणि सव्वा वाजता गडग्यावरून चौकशी सुरू होते.

“गे वयनी, चेडवाक किती पडले?”

“चौऱ्याण्णव.”

“चित्रकलेचे धरून की सोडून?”

झालं! त्या ‘सोडून’वर दोन घरांत चतुर्थीपर्यंत अबोला.

बरं, चित्रकलेवर भागतं म्हणता? खेळाचे वेगळे, स्काउटचे वेगळे, शास्त्रीय नृत्य-गायनाचे वेगळे, लोककलेचेही वेगळे. ज्या मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनात ढकलून स्टेजवर चढवावं लागायचं, ती अचानक भरतनाट्यमला. ज्याला धावताना कुणी पाहिलं नाही, तो क्रीडा प्रमाणपत्राच्या झेरॉक्सला साक्षांकन घेत फिरतोय. आणि ड्रॉइंगच्या सरांचा थाट बघितलात? काल-परवापर्यंत त्यांचा तास म्हणजे गणिताच्या बाईंनी हक्काने मागून घ्यायचा तास. आज गणिताच्या बाई स्वतःच्या मुलाला घेऊन सरांच्या अंगणात उभ्या. “सर, स्मरणचित्रात माणसं किती काढायची?” विचारतायत! सर म्हणतात, पाच तरी हवीत. मग मालवणातलं प्रत्येक पोर मासळी बाजार काढतं : पाच बायका, पाच टोपल्या आणि सुरमई ओळखू येऊ नये अशी सुरमई.

लातूरकरांना मात्र आपण मनसोक्त नावं ठेवतो. २०२५ला राज्यात २११ जणांना दहावीत शंभर टक्के पडले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे. ‘गुणांचा कारखाना उघडलाय त्यांनी!’ आपण नाकं मुरडली. कोकण विभागाचे किती? ९. आणि विभागाचा निकाल? ९८.८२ टक्के, राज्यात पहिला, नेहमीप्रमाणे. म्हणजे पास करण्यात पहिले आणि शंभर पाडण्यात मागे. हा काय न्याय झाला? राग आपल्याला कारखान्याचा नाही हो, तो आपल्याकडे नाही याचा.

गुण कुठून येतात ते बघायचं तर २०१९ आठवा. त्या वर्षी भाषेचे शाळेच्या हातातले तोंडीचे गुण काढून घेतले. राज्याचा निकाल ७७.१० वर घसरला, शंभरवाले उरले २०. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, आणि शंभरवाले झाले २४२! पोरं एका वर्षात बारा पटींनी हुशार झाली काय? देवाक काळजी.

आणि एवढा आटापिटा कशासाठी? २०२५पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, तेव्हा आपणही कणकवली-कुडाळ-मालवणच्या कॉलेजांचे पसंतीक्रम दहा-दहादा खालीवर करत बसलो. जागा राज्यात २१ लाखांवर, दहावी पास झालेली मुलं साडेचौदा लाख. पुढे ओरोसच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जायचं तर नीट. इंजिनीअरिंगला सीईटी. तिथे तुमच्या तांब्या-वांग्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. खरा उपयोग एकाच ठिकाणी, डिप्लोमाला. कुंभारमाठच्या सरकारी पॉलिटेक्निकची गुणवत्ता यादी दहावीच्या टक्क्यांवर लागते, आणि तिथे दशांशही भारी पडतो. पण डिप्लोमाला पोरगं घालायचं नाही असं ठरवलेल्या घरातच ए ग्रेडचा हट्ट सगळ्यात जास्त! म्हणजे ते १.४ टक्के आहेत नाक्यावरच्या ‘हार्दिक अभिनंदन’च्या फलकासाठी. फोटो मोठा, टक्के त्याहून मोठे.

हे वेड आपल्याच मातीतलं म्हणाल तर तेही नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेली आपली मंडळी ऐन मे महिन्यात आंबे खायला का येत नाहीत, कधी विचारलंत? पोरांचं ‘एपी’ असतं, ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचे विषय घ्यायचे, मेमध्ये परीक्षा, गुण १ ते ५. चाळीसेक विषय आहेत, म्हणून शेजारच्याने सहा घेतले की आपल्याने आठ. गंमत म्हणजे बहुतेक नामांकित कॉलेजं अर्जात हे गुण मागतही नाहीत. द्यायचे तर द्या, म्हणतात. पोराने अवघड विषय घेतले का आणि वर्गात काय केलं, याकडे त्यांचं जास्त लक्ष. चांगले गुण पडले तर पुढे काही कॉलेजांत एखादा विषय माफ होतो, एवढंच. पण आई-बापांना सांगणार कोण? हापूस इकडे झाडावर पिकून पडतो आणि नातू तिकडे पाचात पाचच्या मागे.

शी! काय हा हव्यास!

तर, इंटरमिजिएटला बसायचं तर आधी एलिमेंटरी पदरात हवी. ज्यांची पोरं सातवीत आहेत त्यांनी फॉर्म कधी सुटतात ते सरांना आत्ताच विचारून ठेवा. आम्ही विचारून आलोय.