घडणावळ कुणाची?

सराफा, इंदूर

माननीय पाहुणे लेखक सर,



माझ्या भाचीचा शोधनिबंध छापून आला. तिच्या आधी तुमचं नाव आहे, म्हणून पहिलं अभिनंदन तुमचं. मातीचे नमुने तिने गोळा केले, प्रयोगशाळेत रात्री तिने काढल्या, तक्ते तिने केले, मसुदाही तिनेच लिहिला. तुम्ही फॉर्मवर सही केलीत आणि सहीआधी बोललात, "पहिलं नाव माझं टाक." चार शब्दांत शोधनिबंध पूर्ण करणारा लेखक विरळाच.

तुमचं नाव आणि तुमचं महाविद्यालय मी इथे लिहीत नाही. तिचा प्रबंध अजून तुमच्या टेबलावर आहे, आणि हे पत्र वाचून "हे आपल्याच सरांबद्दल" असं म्हणणारे विद्यार्थी एकाच गावात नसतील.

तुमच्या एका विद्वत्तेची मात्र मला खरोखर दखल घ्यायची आहे. लेखकांच्या नावांचा क्रम प्रत्येक विद्याशाखेत वेगळा अर्थ सांगतो, आणि ते सगळे अर्थ तुम्हाला तोंडपाठ आहेत. वैद्यकात आणि जीवशास्त्रात पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. गणितात नावं वर्णक्रमाने, तिथे पहिला-शेवटचा असा मान नाही. अर्थशास्त्रातही बराच काळ हीच रीत होती. एइनाव आणि यारीव यांनी २००६ मध्ये दाखवलं, की अमेरिकेतल्या नामांकित अर्थशास्त्र विभागांत वर्णमालेच्या सुरुवातीच्या आडनावांच्या प्राध्यापकांना कायम नोकरी मिळण्याची शक्यता जास्त असते. इतिहासात, साहित्यात बहुधा एकच लेखक असतो. तुम्ही यातली सोयीची रीत त्या त्या समितीपुढे मांडता. नाव शेवटी आलं तर "शेवटचा तो मोठा", मध्ये आलं तर "आमच्यात वर्णक्रम चालतो", पहिलं आलं तर समजावण्याची गरजच नाही.

आता गुणांचा हिशेब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञानाच्या शोधनिबंधाला ८ गुण आहेत, भाषा आणि मानव्यविद्यांच्या निबंधाला १०. दोन लेखक असतील तर दोघांना प्रत्येकी ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३०. भाचीने एकटीच्या नावावर निबंध दिला असता, तर तिचे ८ गुण होते. तुम्ही आलात आणि तिचे ५.६ झाले, तुम्हालाही ५.६ मिळाले. मग तुम्ही तुमच्या एका स्नेह्यांचं नाव तिसरं घातलंत. तुमचे ५.६ जागचे हलले नाहीत, कारण पहिले तुम्ही. ती मात्र २.४ वर आली. या टप्प्यानंतर कितीही पाहुणे बोलावले, तरी कुणाचा एक दशांशही कमी होत नाही. दहा नावं घातली तर ८ गुणांच्या निबंधातून एकूण २७.२ गुण निघतात. थेट भरतीतल्या सहयोगी प्राध्यापकाला ७५ गुण लागतात, तेव्हा उद्या अर्ज करताना हा २.४ तिला दिसेल. तुम्हाला तर तिची पीएचडी पूर्ण झाली, की मार्गदर्शनाचे १० गुण त्याच तक्त्यात वेगळे मिळणार आहेत. त्याच मार्गदर्शनाची वसुली निबंधातूनही करण्यासाठी हिशेबात फार पक्कं असावं लागतं.

लेखन मोजणाऱ्या अभ्यासकांना ही भानगड जुनी आहे. निबंध दहा जणांचा असेल, तर प्रत्येकाला पूर्ण एक द्यायचा की एक दशांश, हा त्यांच्यातला मोठा वाद. लायडन विद्यापीठाची क्रमवारी वाटून मोजण्याला पसंती देते. निबंधांचे दाखले किती वेळा दिले गेले यावरून संशोधक मोजणारा हिर्श यांचा २००५ चा एच-निर्देशांक तर लेखक किती आहेत हे विचारतच नाही. कुठलंही माप घ्या, माणसाने खरं सांगितलं आहे असं ते गृहीत धरतं. तुम्ही खोटं सांगितलंत तर आकडा दशांशापर्यंत अचूक येतो आणि तरी खोटाच असतो.

मोठ्या यादीचा दाखला तुम्हाला आवडतो, म्हणून तोही घेऊ. २०१५ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक निबंध आला. लेखक ५,१५४. एकूण ३३ पानं, त्यातली २४ नावांची आणि संस्थांची. एवढी नावं असताना आपलं एक काय जड झालं, असं तुम्ही भाचीला म्हणालात. पण ती यादी ज्या यंत्राच्या जोरावर झाली, त्याचं काही आपल्या गावातूनही गेलं आहे. कणांची टक्कर घडवणाऱ्या त्या यंत्राच्या, जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात १,२३२ मुख्य चुंबक आहेत, एकेक १५ मीटर लांब आणि सुमारे ३५ टन वजनाचा. प्रत्येक चुंबक तीन जॅकवर उभा आहे, केसाच्या जाडीइतक्या फरकाने हलवता येईल असा. त्या हजारो जॅकचं काम इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राकडे होतं. कणांच्या टकरी टिपणाऱ्या दोन प्रयोगांचे सदस्य त्या निबंधाचे लेखक झाले. यंत्र उभारणारे आणि चालवणारे, यंत्रासाठी म्हणून, त्या यादीत येत नाहीत. प्रयोगांच्या निबंधांत त्यांचे आभार शेवटी मानतात. मला हे पुरेसं वाटत नाही. पण तिथे निदान लेखक कोण व्हायचं याचे लेखी नियम आहेत, आणि नाव यादीत यायला आधी प्रयोगासाठी ठरावीक काम करावं लागतं. तुमच्या सहीला असा कोणता नियम होता?

साहित्याच्या अभ्यासकांनी तर लेखक शोधण्यात आयुष्यं घालवली. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारका'त लिहिलं, की ज्ञानेश्वरीचे ज्ञानदेव आणि अभंगांचे ज्ञानदेव एक नव्हेत. भाषा आणि विठ्ठलभक्ती, सगळं त्यांनी तपासायला काढलं. महाराष्ट्रात केवढा वाद पेटला. त्यांचा निष्कर्ष पुष्कळांना पटला नाही, पण हे शब्द नेमके कुणाचे, हा प्रश्न जीव तोडून विचारण्याजोगा आहे, हे विरोधकांनीही मानलं. अमेरिकेत मोस्टेलर आणि वॉलेस यांनी १९६४ मध्ये 'फेडरलिस्ट' या जुन्या राजकीय लेखमालेतले, लेखक कोण याचा वाद असलेले १२ लेख घेतले आणि अगदी किरकोळ शब्द कुठे किती वेळा येतात हे मोजून ते तिच्या लेखकांपैकी मॅडिसनच्या पदरात टाकले. माणूस विषय लपवू शकतो, पण हाताला लागलेले बारके शब्द लपत नाहीत. तुमच्या नावावरच्या निबंधांना हीच कसोटी लावली तर प्रत्येकात वेगळ्याच विद्यार्थ्याचा हात सापडेल.

आमच्या संतपरंपरेतही दुसऱ्याचं नाव लावण्याची चाल होती. कुणी अनाम भक्त स्वतः अभंग रचायचा आणि शेवटी थोर संताची नाममुद्रा घालायचा. अभ्यासक आजही ते वेगळे काढताना दमतात. पण त्यात धाकट्याने आपलं नाव पुसलेलं असायचं, स्वतःच्या इच्छेने. तुम्ही दुसऱ्याचं पुसता.

मार्गदर्शकाने नाव लावूच नये, असं मी म्हणत नाही. प्रश्न सुचवणारे, पद्धत ठरवून देणारे, मसुद्याची ओळ न् ओळ तपासणारे गुरू मी पाहिले आहेत. त्यांचं नाव नसतं तर मीच भांडले असते. कुणी काय केलं ते सांगायला आता १४ भूमिकांची एक मान्य यादी आहे: कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष तपास, विश्लेषण, पहिला मसुदा, देखरेख, निधी मिळवणं वगैरे. आमच्या सराफ्यात दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो, त्यातून सराफ कळतो, शुद्धता कळते. दागिना घडवणारा, बरेचदा बंगालातून आलेला कारागीर, त्यातून कळत नाही, हे या बाजाराचंही उणंच आहे. पण बिलावर घडणावळ वेगळी लिहिलेली असते. तुमच्या निबंधात तीही नाही.

आणि सर, लेखक होणं म्हणजे नुसता वाटा घेणं नव्हे, जामीन राहणंही आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीने २०१३ मध्ये लेखकपणाची चौथी अट घातली ती हीच: कामाच्या खरेपणाबद्दल उत्तर द्यायची तयारी. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचा मूलपेशींवरचा २००५ चा निबंध बनावट निघाला, तेव्हा ज्येष्ठ लेखक होते पिट्सबर्ग विद्यापीठाचे जेराल्ड शॅटन. विद्यापीठाच्या समितीने २००६ मध्ये सांगितलं, की बनावट त्यांनी केलेली नाही, पण ज्येष्ठ लेखक म्हणून असलेली जबाबदारी त्यांनी टाळली. उद्या भाचीच्या तक्त्यात चूक निघाली, तर तुम्ही "ते सगळं ती बघत होती" असंच म्हणाल, याची मला खात्री आहे.

म्हणून आजच विचारते. पहिले लेखक आहात, तर दुसऱ्या तक्त्यातले तीन नमुने का वगळले, ते चार ओळींत लिहून पाठवा. कारण निबंधात दिलेलं आहे, वाचलं तरी पुरे. ते जमलं नाही, तर संपादकांना दुरुस्तीचं पत्र लिहा: तिचं नाव पहिलं, तुमचं आभारात. मजकूर भाचीकडून मागवू नका, तो तरी स्वतः लिहा. आणि टेबलावरच्या प्रबंधावर सही या महिन्यात करा, तिची नोकरीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.

आपली,
सराफ्यातली एक मावशी