डिफॉल्टर

फलकावर डिफॉल्टरांची यादी लागली की कॉलेजशेजारच्या डॉक्टरचा धंदा खुलतो. ७५ टक्के हजेरी भरत नाही? कावीळ विकत घ्या. तारीख मागची मिळेल. पहाटे चारपासून दुधाच्या पिशव्या टाकून सातच्या तासाला सात-वीसला धापा टाकत येणाऱ्या पोराला मात्र कावीळ परवडत नाही. शिवाय खरं बोलायची खोड, म्हणून तो दाराबाहेर. आत शेवटच्या बाकावरून एकच पठ्ठ्या आवाज बदलून तिघांचं ‘प्रेझेंट सर’ म्हणतो. शिस्त अबाधित! बोर्डाने २०१५ पासून दहावीच्या नापासांना जुलैतच फेरपरीक्षा दिली, तेव्हा आभाळ कोसळलं नाही. पण वीस मिनिटं उशिराची सूट? छे, पोरं शेफारतील. प्राध्यापकांच्या मस्टरला सवलत आहे, ती वेगळी गोष्ट; त्यांना ट्रॅफिक लागतो.